निदान दावं तरी सोडा
पुरात घर सोडून जाणाऱ्यांना कुणीतरी "मुकी जनावरं टाकून पळणारे निर्दयी" म्हटलंय, ते मला पटलं नाही. 2021च्या जुलैत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदी घराघरांत शिरली, तेव्हा मी तिथं मामाकडे होतो. न्यायला आलेल्यांनी कुत्रा घ्यायला साफ नकार दिला. मामीनं निघता निघता गाईचं दावं आणि मोत्याची साखळी तेवढी सोडली. गाय वरच्या भाटात, म्हणजे बागायतीत, सापडली. मोत्या चौथ्या दिवशी आला, अंगभर चिखल, नखं झिजलेली. शेजारचा कुत्रा मात्र बांधलेलाच राहिला, खांबापाशीच गेला.

अमेरिकेत 2005च्या कतरिना वादळात कित्येक जण जनावरांपायी घर सोडेनात. मग 2006 साली कायदाच झाला, की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राणीही धरायचे. आमचा निवारा शाळेत होता. व्हरांड्याचा एक कोपरा पुरला असता हो.