टीएसएच नॉर्मल आला, तरी मरगळ आणि उदासी जात नाही

प्रश्न — शिक्षिका, कोथरूड

नमस्कार. माझे वय ४१ असून मी एका मराठी शाळेत सातवी-आठवीच्या वर्गांना इतिहास शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात सगळ्या मुलांना पंखा हवा असे आणि मला मात्र अंगावर शाल घ्यावीशी वाटे. आवाज घोगरा झाला, टाचांना भेगा पडल्या, वजन पाच किलोंनी वाढले आणि केस कंगव्यात झुपक्याने येऊ लागले. तपासणीत टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक, ग्रंथी मंदावली की ते वाढते) १८ निघाला, अँटी-टीपीओ म्हणजे थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडेही वाढलेली होती. आधी ५० आणि मग ७५ मायक्रोग्रामची थायरॉईडची गोळी सुरू झाली. गेल्या महिन्यात टीएसएच ३.४ आला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून "आता सगळे नॉर्मल आहे" असे सांगितले आणि सहा महिन्यांनी यायला सांगितले.

पण मला बरे वाटत नाही. माझ्या वर्गात ४२ मुले आहेत. पूर्वी त्यांच्या वह्या मी एका संध्याकाळी, कुकर लावता लावता तपासून संपवत असे. आता दहा-अकरा वह्या झाल्या की लाल पेन हातातच राहते आणि एकच ओळ तीन-तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. त्याहून जास्त त्रास मनाचा होतो. कशातच हुरूप वाटत नाही. परवा एका मुलीने मधल्या सुट्टीत जवळ येऊन "बाई, तुम्हाला बरं नाही का?" एवढेच विचारले आणि माझे डोळे भरून आले. घरी सासूबाई म्हणतात, "थायरॉईड हल्ली सगळ्यांनाच असतो, मनावर घेऊ नये." त्या वाईट हेतूने म्हणत नाहीत, पण ते ऐकले की मी आळशी झाले आहे की काय, असे मलाच वाटू लागते.

रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही इतके दिवस थकवा राहतो का? ही उदासी थायरॉईडची की वेगळी, हे कसे ओळखावे? आणि तोवर शाळा व घर कसे निभवावे? ज्यांनी हे स्वतः सोसले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर — सहकारनगर

ताई, मला हा आजार होऊन १६ वर्षे झाली. तुमचे पत्र वाचताना माझे पहिले वर्ष डोळ्यांसमोर आले, म्हणून आधी तेच सांगते. तुम्ही आळशी झालेल्या नाही. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की हृदयाच्या ठोक्यांपासून आतड्यांच्या हालचालींपर्यंत सगळ्याच कामांचा वेग उतरतो आणि विचारांचा वेगही त्यातून सुटत नाही. एक ओळ तीनदा वाचावी लागणे हे त्याचेच लक्षण आहे. मला त्या वर्षी दुकानदाराने परत दिलेले सुटे पैसेसुद्धा मोजता येत नसत.

गोळी कशी घेता, हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून माझी चूक सांगते. मी दोन वर्षे गोळी सकाळच्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर घेत होते आणि नाश्त्याबरोबर कॅल्शियमची गोळी. दर वेळी टीएसएच वर-खाली होई, दर वेळी डोस बदले आणि मला वाटे की औषधच मला लागू पडत नाही. शेवटी एका फार्मासिस्ट मुलीने बाटली हातात देताना सहज विचारले, "काकू, चहा किती वेळाने घेता?" तेव्हा उलगडा झाला. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य असल्यास तासभर चहा-कॉफी-नाश्ता काही नको आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यायची. मी आता पाचला उठून गोळी घेते आणि पुन्हा अंथरुणावर पडते. सहाला उठून चहा ठेवते. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांना रात्रीच्या जेवणानंतर तीनेक तासांनी, झोपताना घेता येते. मात्र तो बदल डॉक्टरांना विचारून करावा आणि पुढे त्यातच सातत्य ठेवावे. बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेने आणि दमटपणाने ही गोळी खराब होते.

दिवस कसा निभवावा याबद्दल माझा अनुभव असा की, बऱ्या दिवशी सगळी कामे उरकून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. मी पूर्वी बरे वाटले की त्याच दिवशी पडदे धुणे, डबे पुसणे, मंडईत जाणे असे सगळे काढत असे आणि पुढचे दोन दिवस उठवत नसे. नंतर मी पर्वतीच्या टेकडीवर तसे करायचे नाही असे ठरवले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी लग्नानंतर एका दमात चढत असे. आजारात पहिल्या आठवड्यात वीसच चढले आणि दम शिल्लक असतानाच खाली उतरले. पुढच्या आठवड्यात पंचवीस. वरच्या देवदेवेश्वराच्या मंदिरापर्यंत पोहोचायला मला चार महिने लागले, पण त्या चार महिन्यांत एकदाही मी दुसऱ्या दिवशी आडवी पडले नाही. वह्यांचेही तसेच करून पाहा. अकराव्या वहीला पेन थांबते ना, मग आठव्या वहीला आपणहून उठा.

उत्तर — निवृत्त जनरल प्रॅक्टिशनर, सदाशिव पेठ

आपण कोणीही माझे रुग्ण नाही. त्यामुळे मी लिहितो तो आपल्या डॉक्टरांशी बोलण्यासाठीचा मजकूर समजावा, उपचाराचा सल्ला नव्हे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपल्या थायरॉईडच्या गोळीतले औषध, शरीरातून निम्मे कमी व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर रक्तातील पातळी स्थिरावून टीएसएचमध्ये ती नीट दिसायला सहा ते आठ आठवडे जावे लागतात आणि रुग्णाला प्रत्यक्ष बरे वाटणे बहुधा आकड्याच्या मागून येते. त्वचा, केस व स्नायू सावरायला तर आणखी काही महिने लागतात. याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरण्याचे कारण नसते आणि एखाद्या दिवशी जास्त गोळी घेतल्याने तरतरीही येत नाही. थकवा जात नाही म्हणून स्वतःच डोस वाढवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना धडधड, झोप उडणे व चिडचिड होते आणि हे दीर्घकाळ चालले तर हृदयाची लय बिघडण्याचा व हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

आता आपल्या पत्रातील ज्या एका गोष्टीपाशी मी थांबलो ती सांगतो. आपले केस गळत होते. त्यासाठी आपण बायोटिन (बी गटातील एक जीवनसत्त्व) असलेल्या गोळ्या घेत आहात का? केसांच्या व नखांच्या बहुतेक गोळ्यांत ते असते. ते थायरॉईडला अपाय करत नाही, पण प्रयोगशाळेतील काही तपासणी पद्धतींत अडथळा आणते आणि टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी, म्हणजे वरवर चांगला दिसू शकतो. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि प्रयोगशाळेलाही तसे सांगावे. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे, कारण टीएसएच दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो आणि दुपारी तो उतरलेला असतो. पित्तासाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेत असल्यास तेही सांगावे. त्याने पोटातील आम्ल घटते आणि थायरॉईडची गोळी कमी शोषली जाते.

एवढे करूनही आकडा खरोखर चांगला असेल, तर थकव्याचे दुसरे कारण शोधलेच पाहिजे. आपण शाकाहारी असाल तर बी१२ जरूर तपासावे. आपल्याकडे दूध-ताक भरपूर असलेल्या घरांतही त्याची कमतरता मला नेहमी आढळत असे, आणि तिची लक्षणे — थकवा, विसराळूपणा, खिन्नता, हातापायांना मुंग्या — थायरॉईडच्या लक्षणांत सहज मिसळून जातात. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठाही पाहावा. रात्री घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि सकाळी डोके जड असणे हेही विचारावे. "थायरॉईड आहे ना, मग थकवा असायचाच" या एका वाक्याखाली किती बरी होण्याजोगी दुखणी वर्षानुवर्षे झाकली जातात, हे मी चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिले आहे आणि काही वेळा त्यात माझीही चूक झालेली आहे.

मनाच्या लक्षणांना कोणी हसण्यावारी नेऊ नये. थायरॉईडच्या कमतरतेत मनावर गंभीर परिणाम होतो, हे लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८८ च्या अहवालातच नोंदवले होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर उपचार केले आणि ती बाई त्यापुढे २८ वर्षे जगली. आज आपल्या हातात त्याहून कितीतरी नेमके औषध आहे. तेव्हा थायरॉईड "मुळापासून बरा" करणाऱ्या जाहिरातींवर विसंबून गोळी बंद करू नये, ही विनंती. अँटी-टीपीओ वाढलेले असताना आयोडीनची किंवा समुद्री शेवाळाची पूडही घेऊ नये. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही.

उत्तर — कर्वेनगर

मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो आहे. माझ्या पत्नीला हा आजार झाला तेव्हा "थोडं फिरून ये, बरं वाटेल" असे मी रोज म्हणत असे आणि ती रोज गप्प बसत असे. एकदा मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. तिने त्यांना जे सांगितले त्यातले निम्मे मी घरात राहूनही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दिवसापासून सकाळचे दोन डबे मी भरतो. आपल्या यजमानांना पुढच्या भेटीला बरोबर घेऊन जा आणि जमल्यास सासूबाईंनाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरात वेगळे ऐकले जाते.

उत्तर — हिंजवडीला नोकरी, राहणार औंध

माझ्या बाबतीत दोन्ही आजार होते आणि ते वेगळे आहेत हे कळायला मला दीड वर्ष लागले, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. गोळीने माझी थंडी गेली, सूज उतरली, पोट साफ होऊ लागले, म्हणजे शरीर उत्तर देत होते. पण सकाळी डोळे उघडल्याबरोबर छातीवर येणारे ओझे, आवडत्या गोष्टींचा कंटाळा आणि "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" हा विचार हे जागचे हलले नाही. माझ्या डॉक्टरांनी सांगितले की दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज असे वाटत असेल, तर थायरॉईडच्या आकड्याची वाट पाहत बसू नये. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आठ महिने नैराश्यावरचे औषध घेतले, समुपदेशनही घेतले आणि दोन्ही उपचार शेजारीशेजारी चालले. एकाने दुसऱ्याला अडवले नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवली होती, एवढी काळजी मात्र घेतली.

मी एका वहीत रोज रात्री दोन आकडे लिहीत असे, शरीराचा थकवा दहापैकी किती आणि मनाचा किती. महिन्याभरात मला स्वतःलाच दिसले की शरीराचा आकडा उतरतो आहे आणि मनाचा उतरत नाही. ती वही मी डॉक्टरांपुढे ठेवली आणि मग मला काहीच पटवून द्यावे लागले नाही.

ताई, मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार आले, तर उद्यावर टाकू नका. घरात कोणाला तरी लगेच सांगा आणि १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो शासनाचा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते.

शिक्षिका, कोथरूड — दहा आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

केसांसाठी मी खरोखरच बायोटिनची गोळी घेत होते आणि डॉक्टरांना ते सांगण्यासारखे आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. ती आठवडाभर बंद ठेवून, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त दिले, तेव्हा टीएसएच ७.१ आला. बी१२ सुद्धा १६४ म्हणजे कमी निघाले. डोस ८८ मायक्रोग्राम झाला, बी१२ ची इंजेक्शने सुरू झाली आणि चहा आता गोळीनंतर तासाभराने होतो. त्या तासात मी काहीच काम करत नाही, गॅलरीत बसून राहते. भेटीला यजमान बरोबर आले होते. सासूबाई आल्या नाहीत, पण त्या दिवसापासून सकाळचा चहा त्याच ठेवतात आणि तास झाला की हाक मारतात.

दोन आकड्यांची वही मीही ठेवली. शरीराचा आकडा आठवरून चारवर आला आहे. मनाचा सातवरून सहावरच अडला, म्हणून गेल्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. त्यांनी औषध लगेच न देता दर गुरुवारी समुपदेशनासाठी बोलावले आहे आणि महिन्याभराने पुन्हा पाहू असे म्हटले आहे. पहिल्या गुरुवारी मी बराच वेळ नुसती रडले.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंशी स्पष्ट बोलले आणि शेवटचा तास सहकारी शिक्षिकेशी बदलून घेतला. काल संध्याकाळी दोन टप्प्यांत मिळून २६ वह्या तपासून झाल्या. उरलेल्या १६ आज घेईन.