हायपोथिसिस टेस्टिंग म्हणजे ‘अप्रत्यक्ष सिद्धता’, हे गणिताच्या पोरांना सांगणं बंद करावं का?

अनुमान (धागाकर्ती):
पदवीच्या गणितवाल्या पोरांना मी बरीच वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवतेय आणि आता माझं मत ठाम झालंय की ‘हे अप्रत्यक्ष सिद्धतेसारखंच असतं बघा’ असं म्हणून हायपोथिसिस टेस्टिंगची (डेटा बघून एखादं गृहीतक टिकतं का ते तपासण्याची) ओळख करून देणं थांबवायला हवं. मी स्वतः हेच सांगत आले. वर्गमूळ २ परिमेय आहे असं धरा, विसंगती येते, म्हणून ते अपरिमेय. तसंच नल हायपोथिसिस (तपासायचं मूळ गृहीतक, जसं ‘नाणं निःपक्ष आहे’) खरं धरा, डेटा विसंगत आला, म्हणून रिजेक्ट. पोरं लगेच माना डोलावतात कारण ही वाट त्यांच्या पायाखालची असते, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

मागच्या आठवड्यातलं सांगते. फळ्यावर नाण्याचं उदाहरण घेतलं, २० वेळा उडवलं, १५ छापे आले. नाणं निःपक्ष धरून १५ किंवा जास्त नाहीतर ५ किंवा कमी छापे येण्याची प्रोबॅबिलिटी काढली, आली ०.०४१. आधी ठरवलेल्या ०.०५ या मर्यादेपेक्षा कमी, म्हणून नल रिजेक्ट. मग विचारलं की या ०.०४१ चा अर्थ काय. वर्गातली अतिशय हुशार मुलगी उठून म्हणाली, ‘नाणं निःपक्ष असण्याची शक्यता फक्त ४ टक्के आहे.’ तिला मी दोष देत नाही. अप्रत्यक्ष सिद्धतेत निकाल गृहीतकाबद्दलच लागतो, तिने तेच इथे आणलं. पण हा आकडाच मुळात नाणं निःपक्ष आहे असं धरून काढलाय, मग तो त्या धरण्याची शक्यता कशी सांगेल? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर (वरच्या ०.०४१ सारख्या आकड्याला हेच नाव) खास निवेदन काढून त्यात हेच सांगावं लागलं, म्हणजे ही चूक फक्त पोरांची नाही, भलेभले करतात.

आणि मूळ तर्कच इथे चालत नाही. ‘अ असेल तर ब अशक्य, ब घडलं, म्हणून अ नाही’ हे बिनचूक आहे. ‘अशक्य’च्या जागी ‘दुर्मिळ’ टाकलं की सगळं कोसळतं. ५२ पत्ते नीट पिसून १३ वाटा. हातात जे काही येईल ते नेमके तेच १३ पत्ते येण्याची शक्यता ६३,५०१ कोटींत एकाहूनही कमी. म्हणून पत्ते लावलेले होते असं म्हणायचं का? मग प्रत्येक वाटप लबाडीचंच ठरेल.

काटकोन:
साफ असहमत. मॅडम, तुम्ही उपमेला नको इतकं ताणताय. उपमा ही दारापर्यंत नेण्यासाठी असते, घर आतून बघायचं काम पुढे करायचंच असतं. गणिताच्या पोराला ‘जे नाकारायचंय तेच आधी खरं धरायचं’ ही गोष्ट पटवायची तर त्याच्याकडे आधीपासून असलेला एकमेव धागा हाच आहे, तो काढून घेतलात तर उरतं काय, पाच पायऱ्यांची पाककृती. नल लिहा, अल्टरनेट (नल चूक असेल तर काय खरं, ते) लिहा, स्टॅटिस्टिक काढा, टेबल बघा, वाक्य लिहा. ते पाठ करून पोरं पास होतात आणि महिन्याभरात विसरतात.

दुसरं म्हणजे संख्याशास्त्रज्ञ फिशर काय वेगळं सांगत होते? १९३५ च्या पुस्तकातला त्यांचा चहाचा प्रयोग घ्या. ८ कप, ४ मध्ये दूध आधी, ४ मध्ये चहा आधी, आधी काय ओतलं ते चवीवरून कळतं म्हणणाऱ्या बाईंनी चव घेऊन दूध आधीचे ४ ओळखायचे. नुसता अंदाजपंचे निवड केली तर ७० पैकी एकच निवड बरोबर, म्हणजे ०.०१४. एक तर फार दुर्मिळ गोष्ट घडली, नाहीतर नल चूक. हा विसंगतीचाच तर्क आहे, फक्त मऊ केलेला. आणि ७० हा आकडा पोरं स्वतः कॉम्बिनेशनने काढतात, कुठलं टेबल लागत नाही.

अनुमान:
काटकोन सर, चहाचं उदाहरण मलाही फार आवडतं, पण बघा तुम्ही त्यात काय गृहीत धरलंत. चारही बरोबर आले तर पुरावा. आणि चारही चुकले तर? तेही ७० पैकी एकच, तितकंच दुर्मिळ. तरी त्यावरून आपण बाईंना चव कळते म्हणत नाही (उलट चुकीच्या चिठ्ठ्या लावल्यात का ते आधी तपासू). म्हणजे दुर्मिळपणा पुरेसा नाही, कुठल्या बाजूचा दुर्मिळपणा मोजायचा हे अल्टरनेटवरून ठरतं. अप्रत्यक्ष सिद्धतेत अल्टरनेटला काही कामच नसतं, नलचा नकार की झालं. माझं सगळं भांडण या एका जागेवर आहे.

छापाकाटा:
मॅडमना +१. मी स्टॅटिस्टिक्समध्येच काम करतो आणि मला वाटतं या उपमेचं खरं नुकसान पी-व्हॅल्यूत नाही, पॉवरमध्ये (नल खरोखर चूक असताना टेस्ट ते किती वेळा पकडते यात) होतं. तेच २० वेळा उडवायचं नाणं घ्या, रिजेक्ट करायचं ते १५ किंवा जास्त नाहीतर ५ किंवा कमी छापे आले तर. आता नाणं खरोखरच खोटं आहे, छाप्याची शक्यता ०.६ आहे असं समजा. तुमची टेस्ट ते किती वेळा पकडेल? हिशोब करा, सुमारे १३ टक्के वेळा. म्हणजे शंभरातल्या ८७ वेळा खोटं नाणं हातातून निसटणार आणि पोरगं वहीत लिहिणार ‘नाणं निःपक्ष आहे’. हेच ८० टक्के वेळा पकडायचं असेल तर जवळजवळ २०० वेळा उडवावं लागतं. सिद्धतेत विसंगती सापडली नाही तर आपण ‘अजून सापडली नाही’ म्हणतो, पण ती किती जोर लावून शोधली याचा आकडा तिथे नसतो, इथे असतो, आणि तोच शिकवायला वेळ उरत नाही. १९३३ चा नेमन-पिअर्सन लेमा (सर्वात जास्त पॉवरची टेस्ट कुठली ते सांगणारा) गणिताच्या पोरांना न दाखवता सोडणं तर मला अक्षम्य वाटतं, अर्ध्या पानाची सिद्धता आहे, दोन डेन्सिटींचं गुणोत्तर आणि एक असमानता, रिअल ॲनालिसिस करणाऱ्याला अवघड काय त्यात.

काटकोन:
पॉवरचा मुद्दा मान्य, १३ टक्क्यांचा हिशोब मी आत्ता करून बघितला, बरोबर आहे. पण लेमा आधी आणि अर्थ नंतर, याला माझा कडाडून विरोध राहील. मी एका वर्षी तसं केलंय. पोरांनी लेमा सुंदर सिद्ध केला आणि त्याच पेपरात ‘पी = ०.३० म्हणून नल सिद्ध झालं’ असं लिहिलं. औपचारिक गणित आल्याने समज येत नाही हो. आणि लेमा साध्या विरुद्ध साध्या हायपोथिसिसचा (दोन्हीकडे एकेकच नेमकी किंमत, जसं ०.५ विरुद्ध ०.६) आहे, दोन्ही बाजूंच्या टेस्टला तो तसाच्या तसा लागू होत नाही हेही मग सांगत बसावं लागतं.

प्रायर:
तुम्ही दोघं फांद्यांवर भांडताय. त्या मुलीने जे उत्तर दिलं तोच खरा प्रश्न आहे, नाणं निःपक्ष असण्याची शक्यता किती, तिला तेच हवंय आणि तुम्ही तिला सांगताय की ते विचारू नकोस. बेझ शिकवा, म्हणजे आधीची शक्यता धरून ती पुराव्याने बदलायची. १००० नाणी घ्या, ९०० निःपक्ष, १०० खोटी. ०.०५ च्या टेस्टने ९०० मधली ४५ उगाच रिजेक्ट होणार, पॉवर ०.८ धरली तर खोट्यातली ८० पकडली जाणार. रिजेक्ट झालेली एकूण १२५, त्यातली ४५ निःपक्ष, म्हणजे ३६ टक्के. कुठे ५ आणि कुठे ३६.

छापाकाटा:
ते ९०० आणि १०० कुठून आणले हा प्रश्न पोरं पहिल्या मिनिटाला विचारतील, आणि विचारायलाच हवा.

तिसरा_बाक:
मी विद्यार्थी आहे, शेवटच्या वर्षाला. इथलं वाचून एक विचारायचं होतं, आमचा यावरून वर्गात वाद झाला होता. १२ वेळा नाणं उडवलं, ९ छापे ३ काटे. १२ वेळाच उडवायचं असं आधी ठरवलं असेल तर एका बाजूची पी-व्हॅल्यू ०.०७३. तिसरा काटा येईपर्यंत उडवायचं असं ठरवलं असेल तर ०.०३३. नाणं तेच, निकाल तेच, फक्त मनातला बेत वेगळा, तरी एकात रिजेक्ट आणि दुसऱ्यात नाही. आमचे सर म्हणाले परीक्षेला येत नाही, पुढे चला. अप्रत्यक्ष सिद्धतेत लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याने सिद्धता बदलत नाही ना? मग मला काटकोन सरांची उपमा इथे लावताच येत नाहीये.

काटकोन:
तिसरा_बाक, तू ठेवलेलं बोट बरोबर जागी आहे. थांबायचा नियम हा प्रयोगाचाच भाग, तो बदलला की ‘इतकं किंवा याहून टोकाचं’ या शब्दांत येणारी यादीच बदलते, म्हणून दोन आकडे. पण उपमा इथे तुटते हे मला कबूल करावं लागेल. तरी पहिल्या तासाला मी ती वापरीन, आणि दुसऱ्या तासाला तुझं हेच उदाहरण फळ्यावर लिहून उपमा कुठे मोडली ते पोरांनाच शोधायला लावीन.

अनुमान:
दुसऱ्या तासालाच असेल तर माझा विरोध बराच कमी होतो सर. माझ्या अनुभवात तो दुसरा तास टी-टेस्टची टेबलं खाऊन टाकतात. आणि त्या हुशार मुलीला मी उद्या पत्त्यांचं उदाहरण देणार आहे, उत्तर न सांगता. ती काय म्हणते ते इथे येऊन लिहिते.