मदतीची मैफल: तिकीट काढलं, गायलात की खुर्च्या लावल्या? अनुभव लिहा

कुठे भूकंप झाला, पूर आला की नाशकात एखादी तरी मदतीची मैफल ठरतेच. कालिदास किंवा साईखेडकर नाट्यगृहात, नाहीतर कॉलनीच्या हॉलमध्ये. गाणाऱ्यांची नावं पत्रिकेवर येतात, बाकीच्यांनी इथे लिहावं. आयोजकांवरचा राग खुशाल काढा, फक्त नावं नकोत.

भद्रकालीकर
1993. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून आडवे झालो आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात किल्लारी गेली. आम्हाला सकाळी रेडिओवर कळलं. मंडळाची वर्गणी थोडी उरली होती, त्यात भर घालायला नवरात्रात ऑर्केस्ट्रा केला. गायक गल्लीतलेच. दारात 'ऐच्छिक देणगी' लिहिलेला पत्र्याचा डबा ठेवला, तर लोक त्याच्याकडे न बघता आत. मग मध्यंतरात, चहाच्या आधी, पोरांनी तोच डबा रांगेरांगेतून फिरवला. शेजारचा बघतोय म्हटल्यावर पाचाच्या जागी वीस पडतात!

तबल्याची वादी
2019 चा ऑगस्ट. 4 तारखेला इथे गोदावरीतला दुतोंड्या मारुती पाण्याखाली, त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगली बुडाली. मैफल भर पावसात. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, सूर खाली येतो. स्टेजमागे हॅलोजनसमोर डग्गा धरून बसलो होतो, आणि बाजूचे लाकडी गट्टे ठोकून ठोकून तबला कसाबसा स्वरात आणला. आम्ही कुणी बिदागी घेतली नाही. साउंडवाल्याने मात्र पूर्ण घेतली, त्यावर कुरकुर झाली. माझ्या मते त्याने घ्यायलाच हवी. त्याच्या पोरांची हजेरी कोण देणार? फुकटात करा म्हटलं की गोडाऊनमधले जुने बॉक्स येतात आणि पहिल्या आलापापासून स्पीकरची शिट्टी.

हिशेबनीस
गाणं बाजूला ठेवा, खर्च बोला. हॉलचं भाडं, साउंड, फ्लेक्स, टेम्पो, वर शाल-श्रीफळ. पूरग्रस्तांच्या पैशातून पाहुण्यांना शाल? आम्ही ती बंद केली, एक-दोन पाहुणे रुसले. खर्चासाठी आधीच चार दुकानदार गाठायचे आणि तिकिटाचा रुपया न रुपया मुख्यमंत्री सहायता निधीच्या नावाने चेकने. पावती 80जी ची, म्हणजे आयकर सवलतीची, मिळते, ती फळ्यावर लावायची. पास कुणालाच नाही, नगरसेवकालाही नाही. 2017 ला जीएसटी येईपर्यंत करमणूक कराची माफी हवी तर कलेक्टर कचेरीत खेटे घालावे लागत, ते एक वाचलं.

पैसा कुणामार्फत जाणार हे आधी ठरलं नाही की मोठमोठ्यांचं अडतं. पंडित रविशंकरांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला गाठून 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी कार्यक्रम केला. 1970 च्या भोला चक्रीवादळाने आणि मग युद्धाने तिथली माणसं देशोधडीला लागली होती. तिकिटांचे पैसे युनिसेफला लगेच गेले. पण कार्यक्रम आधी युनिसेफमार्फत नोंदवलेला नव्हता, त्यामुळे रेकॉर्ड आणि चित्रपटाची मोठी रक्कम अमेरिकी करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षं अडकली.

सासर नाशिक, माहेर सांगली
त्याच 2019 च्या एका कार्यक्रमाला मी प्रेक्षकांत होते. मागे पडद्यावर पुराचे फोटो, पुढे भावगीतं. निवेदक दर गाण्याआधी गळा दाटून आणायचे. एका फोटोत आमच्या गल्लीचा कोपरा दिसला आणि मी उठून बाहेर आले. घरी आईला फोन लावला तर ती म्हणाली, "अगं, झाडू आणि ब्लीचिंग पावडर पाठवा. जुन्या साड्यांचा इथे ढीग पडलाय." हे मी नंतर आयोजकांना सांगितलं. "ताई, आमची यादी ठरलेली आहे," म्हणाले. चिखलाचा वास स्टेजवर येत नाही, त्याला कोण काय करणार. पण फोटो दाखवू नयेत, एवढं तरी जमावं.

जेलरोड
सरळ पैसे द्यावेत. मदत करायला गाणं कशाला लागतं?

हिशेबनीस
जेलरोड, तुम्ही देत असाल. आमच्या सोसायटीत निरोप फिरवला तेव्हा अंगठे भरपूर आले, पैसे नाहीत. तिकीटं घेऊन दारात गेलो तर त्याच घरांतून चार-चार गेली. बरं, बाल्कनीची थोडी उरलीत, पाठवू का?