शाळूतले भारीट: मादी काळ्या डोक्याची की लाल डोक्याची?

माणदेश_माळ: जतच्या बाजूला शाळूच्या रानात भारीट (बंटिंग) पक्ष्यांचा चार-पाचशेचा थवा उतरतोय. काळ्या डोक्याचे नर सहज कळतात. माद्या आणि पिल्लं मात्र सगळी सारखीच मातकट, पोट फिकट पिवळं. यात लाल डोक्याच्या जातीचे आहेत का, हे कशावरून ठरवायचं?

बांधावरून: आधी नर नीट वेगळे करा, तिथंच निम्मी चूक होते. थंडीत नराच्या डोक्यावरच्या नव्या पिसांची टोकं फिकट असतात, त्याखाली काळा रंग झाकला जातो. टोकं झिजली की फेब्रुवारी-मार्चला डोकं काळंभोर दिसतं. म्हणून डिसेंबरातला मळकट डोक्याचा नर माद्यांत जमा होतो. त्याची पाठ विटकरी असते आणि पिवळा रंग गळ्यापासूनच सुरू होतो. लाल डोक्याच्या नराचा तांबूस रंग छातीपर्यंत उतरतो, पाठ हिरवट आणि तिच्यावर गडद रेघा.

मादीची कंबर बघा, म्हणजे शेपटीच्या मुळाच्या वरचा भाग. तांबूस झाक असेल तर काळ्या डोक्याची, हिरवट-पिवळी असेल तर लाल डोक्याची. बसल्यावर पंख कंबर झाकतात. पक्षी कणसाला लोंबकळून दाणे टिपतो किंवा पंख सैल सोडून पिसं साफ करतो, तेवढ्यातच ती दिसते. चोचही बघा: काळ्या डोक्याच्या भारीटाची लांबट, दुसऱ्याची आखूड नि शंकूसारखी.

खटाव_दुर्बीण: कंबरेची खूण मोठ्या मादीत चालते, पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांत ती फार पुसट असते. त्यात मावळतीच्या उन्हात कुणाचीही कंबर तांबूस वाटते. फोटो सकाळी ८ ते १० मध्ये, सूर्य पाठीशी घेऊन काढा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) अर्धा ते पाऊण स्टॉप, म्हणजे थोडं, खाली ठेवा, नाहीतर पिवळा रंग जळून जातो. एक फोटो अगदी बाजूनं हवा, चोच आणि मिटलेला पंख दिसेल असा. पंखाची टोकं आतल्या पिसांच्या पुढं जास्त निघालेली असतील तर काळ्या डोक्याचा. कंबर, चोच, पंख तिन्ही जुळले तरच नाव द्या. उत्तर इराणात दोन्ही जातींचा संकरही होतो. शंका असेल तर ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावर) दोन्हींचा जोडपर्याय आहे, तोच निवडा.

बांधावरून: पिल्लांबद्दलचं म्हणणं मान्य. आपल्याकडच्या थव्यांत काळ्या डोक्याचेच जास्त, म्हणून लाल डोक्याची मादी नोंदवायची तर फोटो पाहिजेच.

येरळाकाठ: मोजताना सुगरणी आणि चिमण्या बाजूला काढा, त्या हमखास मिसळलेल्या असतात. सुगरणीची शेपूट आखूड, भारीटाची लांब आणि टोकाला खाच. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या चमकल्या तर तो करड्या मानेचा भारीट. काळ्या आणि लाल डोक्याच्या भारीटांच्या शेपटीत पांढरं नसतं. आणि फोटोसाठी उभ्या शाळूत शिरू नका. ताटं मोडतात, कणसं खाली येतात. थवा दुपारी बांधावरच्या बाभळीवर बसतो, तिथं पक्षी उघड्यावर मिळतात.