‘व्हीगन’ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल: एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. ‘व्हीगन’ दोनदा आलाय, एकदा चीजला आणि एकदा पैशांच्या पाकिटाला. चीजपुढे मी ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलंय, ‘मग यात दूध आहे की नाही?’ आणि ‘शाकाहारी पाकीट’ तर हाताने लिहवत नाही. काय करू?

अक्षरमित्र: संपादकांची शंका रास्त आहे. शाकाहारी माणूस मांस-मासे खात नाही, पण दूध, तूप, मध घेतो. व्हीगन त्यातलं काहीच घेत नाही. ‘शुद्ध’ लावल्याने फार तर अंडं वगळलं जातं, दूध राहतंच. इंग्लंडात शाकाहाऱ्यांची संस्था १८४७ पासून होती. दूध-अंड्यावरून वाद झाला म्हणून १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी वेगळी चूल मांडली, आणि ‘व्हेजिटेरियन’ची पहिली तीन व शेवटची दोन इंग्रजी अक्षरं जोडून हा शब्द केला. फारकत दाखवायलाच जो शब्द जन्मला, तो पुन्हा ‘शाकाहारी’त कोंबू नका.

नारायण: शाक म्हणजे भाजीपाला. म्हणजे शब्दार्थाने दूध पिणारा शाकाहारी ठरतच नाही! खरं तर ‘शाकाहारी’ हा शब्द यांनाच शोभतो. तो आता सुटत नसेल तर ‘वनस्पत्याहारी’ म्हणा. उसनवारी कशाला?

मृणाल: नारायणकाका, पण पाकीट?

अक्षरमित्र: तेच. ‘आहार’ आला की पाकीट अडलं. कातडं, लोकर, रेशीम, प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं, सगळंच व्हीगन माणूस शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं टाळतो. जेवणापुरता प्रश्न असता तर काकांचा शब्द चालला असता.

स्नेहा_के: खाद्यपदार्थांची लेबलं तपासणं हे माझं रोजचं काम. ‘शाकाहारी’ हा शब्दसुद्धा वाटतो तितका सोपा नाही. चीजसाठी दूध साकळायला रेनेट लागतं. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. ते वापरलेलं चीज शाकाहारीही नाही. सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असेल तर चीज शाकाहारी, पण व्हीगन नाही, कारण दूध आहेच. ड जीवनसत्त्वाचा डी३ हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. मेंढी मरत नाही म्हणून शाकाहाऱ्याला चालतो, व्हीगनला नाही. बी१२ मात्र सूक्ष्मजीवांपासून तयार करतात. ते दोघांनाही चालतं, आणि व्हीगन माणसाने ते घ्यायलाच हवं, वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही.

वैशाली: मृणाल, ‘दुग्धमुक्त’ लिहायचा मोह होईल, तो टाळ. त्यात अंडं असू शकतं. माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. उलट, ‘व्हीगन’ लिहिलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर खाली बारीक अक्षरांत ‘दुधाचा अंश असू शकतो’ असं मी स्वतः वाचलंय, कारण त्याच यंत्रावर दुधाची बिस्किटंही होतात. एक शब्द तत्त्वाचा, दुसरा जिवाचा. ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

नारायण: मग ‘प्राणिजवर्जित’ घ्या. चीजलाही लागतो, पाकिटालाही. अर्थ तरी स्वयंस्पष्ट आहे.

ओंकार: अर्थ अचूक, पण हॉटेलात ‘मी प्राणिजवर्जक आहे’ असं कोण सांगेल? ज्यांचं ते जगणं आहे ते स्वतःला व्हीगन म्हणतात, तोच शब्द ठेवा. बाकी ‘व्हेजिटेरियन’चा भाजीशी संबंध नाही बरं का, तो लॅटिन ‘वेजेटुस’ म्हणजे ‘जोमदार’ यावरून आलाय.

अक्षरमित्र: ओंकार, ती व्युत्पत्ती शाकाहारप्रेमींनी नंतर पुढे केलेली. शब्द ‘व्हेजिटेबल’वरूनच आला.

ओंकार: ‘व्हेजिटेबल’ तरी कुठून आला? मूळ तेच.

नारायण: ठेवायचाच असेल तर निदान ‘वीगन’ लिहा. मराठीत ‘व’ असताना हा ‘व्ह’ कशाला?

स्नेहा_के: काका, ‘व्हिटॅमिन’ लिहितोच की आपण.

नारायण: मी ‘जीवनसत्त्व’ लिहितो.