हा प्रश्न फक्त पोलिसांचा नाही

"बंदुका आणि डॉक्टर यांचा काय संबंध, हे पोलिसांचं काम" असं वर कुणीतरी म्हटलंय. अमेरिकेपुरतं तरी मला ते पटत नाही. २०२१ साली तिथे बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या. यात गुंड कुठे, चकमक कुठे? उशाजवळच्या ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल आणि एक वाईट रात्र, बस. तेच पिस्तूल रिकामं करून कुलपात ठेवलं, किल्ली बायकोकडे दिली, तर मधल्या वेळात लाट ओसरू शकते. हे घरच्यांना सांगणार कोण? डॉक्टरच ना!

आणि गंमत बघा, याचा अभ्यासच होऊ नये अशी तजवीज झाली होती. १९९६ची डिकी दुरुस्ती, म्हणजे सीडीसीने (अमेरिकी सरकारची सार्वजनिक आरोग्य संस्था) आपला पैसा बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही, अशी बजेटच्या कायद्यात घातलेली अट. सीडीसीच्या बजेटमधून २६ लाख डॉलर कापले, म्हणजे आदल्या वर्षी बंदुकांवरच्या संशोधनाला दिले होते नेमके तेवढेच. (योगायोग म्हणायचा!) या कामासाठी पुन्हा वेगळे पैसे मंजूर झाले ते थेट २०१९च्या डिसेंबरात. खुद्द ही दुरुस्ती आणणारे माजी खासदार जे डिकी यांनी २०१२मध्ये जाहीर लेख लिहून संशोधनाची बाजू घेतली होती, तरी त्यानंतर आणखी सात वर्षं गेलीच.