कात्रज ते सिंहगड, दिवसा, वडिलांसोबत: उताराबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही धनकवडीला राहतो. गच्चीतून कात्रजच्या टेकड्या दिसतात आणि आता बाबांनी मनावर घेतलंय: जुन्या बोगद्यापासून माथ्यामाथ्याने थेट सिंहगड. वय 64. बीपी, शुगर काही नाही. रोज तळजाईला जातात, चढाला मीच मागे राहते. भानगड आहे ती उताराची. डावा गुडघा कुरकुरतो. पर्वती उतरताना कडेला धरून आडवं पाऊल टाकत येतात, आणि कोणी बघतंय असं वाटलं की उगाच थांबून शहर न्याहाळतात. डॉक्टर म्हणाले, ‘चाला, पण जपून.’ बाबांनी पहिला शब्द तेवढा ऐकला.

नेटवर सगळे वृत्तांत पौर्णिमेच्या रात्रीचे, तेही पंचविशीतल्या पोरांचे. तेरा टेकड्या, साधारण 15 किमी, एवढं कळलं. पण ‘उतार जरा घसरडा आहे’ म्हणजे किती? बूड टेकून उतरावं लागतं का? अर्ध्यात गुडघा बोलायला लागला तर खाली कुठे उतरता येतं? डिसेंबरात जायचा विचार आहे, पहाटे निघून. ‘एखाद्या ग्रुपबरोबर जा’ हे कृपया नको. ग्रुप पुढच्याच्या वेगाने चालतो आणि बाबा मागे राहायला तयार नसतात.

प्रतिसाद १
ताई, स्पष्टच सांगतो. चढ दमवतात, पण उतार गुडघे काढतात. मुरमाड घसारा आणि त्यावर वाळलेलं गवत. डिसेंबरात ते आडवं पडलेलं असतं, बूट सर्रकन सरकतो. काही ठिकाणी मीही बिनदिक्कत बसून उतरतो. वाटेत भरवशाचं पाणी नाही, सावली जवळजवळ नाहीच. माणशी चार लिटर तरी घ्या. चाल पश्चिमेकडे, त्यामुळे दुपारनंतर ऊन तोंडावर येतं.
डावीकडे खाली खेड शिवापूरच्या बाजूची घरं दिसतात, म्हणून दिसेल त्या सोंडेवरून उतरू नका. ढोरवाटा मध्येच संपतात. त्यापेक्षा आधी एका सकाळी पहिल्या दोन-तीन टेकड्या करून बोगद्याशी परत या. बाबांचा गुडघा दुसऱ्या दिवशी काय म्हणतो, त्यावर पुढचं ठरवा. दोन्ही हातांत काठ्या द्या, एक पुरत नाही.

प्रतिसाद २
एवढा अट्टहास कशाला? स्वारगेटहून 50 नंबरची बस धरा, आतकरवाडीतून गड चढा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, वाहनतळावरून वडापच्या जीपने खाली या. चढ पायी, उतार गाडीने. गुडघ्याची काय बिशाद!

धागाकर्ती
दोघांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं. जीपचं ऐकून ‘मग गड केला असं कसं म्हणायचं?’ म्हणाले. पण पहिल्या तीन टेकड्यांना राजी आहेत, काठ्यांनाही. आता एवढंच सांगा: बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून मळलेली वाट चटकन सापडते का? आणि पहाटे बोगद्यापाशी दुचाकी लावून गेलं तर चालतं का?